शुद्धीवर येतानाचं रडणं

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी लेकाला भूल देणार या विचारानेच पोटात गोळा आलाय, असं तुम्ही लिहिलंय. अगदी समजू शकते. माझी लेक साडेतीन वर्षांची असताना तिचं हेच ऑपरेशन झालं. खरं सांगू? ऑपरेशन पाऊण तासात उरकलं, तिला उपाशी ठेवणंच जड गेलं. खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालेल म्हणाले होते. (आम्ही दोघांनी आळीपाळीने जिन्यात जाऊन चोरून खाल्लं.) सुईच्या तासभर आधी हाताला बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवली. ती सोलण्यातच तिचा वेळ गेला.

पण एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. शुद्धीवर येताना ती लाथा झाडत किंचाळत होती, डोळे टक्क उघडे आणि मला ओळखतच नव्हती. मी हादरलेच. सिस्टर म्हणाल्या, भुलीच्या वायूनंतर लहान मुलांचं असं होतं, दुखतंय म्हणूनच असेल असं नाही. वीसेक मिनिटांत शांत होऊन झोपली. उठली ती थेट "माझी पट्टी कुठंय?" करतच. भूलतज्ज्ञांना याबद्दल आधीच विचारून ठेवा.