शब्दचर्चा: तोतयेगिरी, दुबार नाव आणि ‘नाव कटलं’

रामबाग, इंदूर: निवडणुकीच्या शब्दांची सूची करते आहे. इथे हिंदीच्या प्रभावाने मतदानातल्या सगळ्याच गैरप्रकारांना ‘फर्जी मतदान’ म्हणतात. मराठीत ‘बोगस मतदान’ पुरे, की वेगवेगळे शब्द हवेत?

पलासिया: वेगळेच हवेत. दुसऱ्याच्या नावावर मत देणे ही तोतयेगिरी. पानिपतानंतर भाऊंचा तोतया उभा राहिला, तोच शब्द. यादीत एकाचं नाव दोन ठिकाणी असणं ही दुबार नोंद. ती चूकच, पण त्यावरून दोन मतं पडली असं ठरत नाही. त्यासाठी नमुना १७-क (इंग्रजीत 17A) या मतदार नोंदवहीत दोन्हीकडे सही किंवा अंगठा सापडायला हवा, आणि ती वही न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. नुसत्या यादीचे फोटो फिरवून ‘इतकी बोगस मतं पडली’ म्हणणारे या दोन शब्दांची गल्लत करतात.

रामबाग: आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर?

पलासिया: केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागायचं. मध्य प्रदेशातल्या कागदांवर त्याला ‘निविदत्त’ म्हणतात. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या पाकिटात बंद होतं. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निवडणूक याचिकेत कामी येतं, आणि याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. समोरचा तोतया वाटला तर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेतो, ते आक्षेपित मत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

नारायण बाग: ‘यंत्रात जास्त मतं निघाली’ याचंही एक साधं कारण असतं. सकाळी किमान ५० मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं. ते पुसायचं राहिलं तर बेरीज फुगते. म्हणून संध्याकाळी प्रतिनिधीने नमुना १७-ग (इंग्रजीत 17C), म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घेतलीच पाहिजे. मोजणीच्या दिवशी आकडा तिच्याशीच ताडायचा.

रामबाग: ‘नाव कटलं’चं काय?

पलासिया: ‘नाव वगळलं’ म्हणावं. ‘कटलं’ म्हटलं की आपोआप घडल्यासारखं वाटतं. खरं तर कोणीतरी नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरलेला असतो किंवा अधिकाऱ्याने आदेश काढलेला असतो. म्हणून ‘कोणी वगळलं, कशाच्या आधारावर?’ हे विचारावं. आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही, आणि मतदानाच्या दिवशी हातात ओळखपत्र असूनही परत यावं लागतं. तोतयेगिरी झालेल्याला निदान प्रदत्त मत आहे; वगळलेल्याला त्या दिवशी काहीच नाही. मला हे जास्त गंभीर वाटतं, आणि बोभाटा मात्र पहिल्याचाच होतो.

नारायण बाग: कैद्यांसाठी मात्र ‘वगळणं’ चालणार नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगातल्याला मत देता येत नाही, खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यालाही नाही. पण २०१३ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव यादीत कायम राहतं. ही मतदानबंदी. जामिनावर बाहेर असलेल्याला ती नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला, म्हणजे खबरदारी म्हणून अटकेत ठेवलेला, मात्र टपालाने मत देऊ शकतो.

पलासिया: अमेरिकेतही गैरप्रकाराचा बोभाटा आणि हिरावलेला मताधिकार हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. २०२० च्या निवडणुकीनंतर गैरप्रकाराचे डझनावारी दावे न्यायालयांनी फेटाळले. तिकडे फ्लोरिडात शिक्षा भोगून आलेल्या बहुतेकांना २०१८ च्या सार्वमताने मताधिकार परत दिला, तर २०१९ च्या कायद्याने दंड आणि शुल्क भरल्याशिवाय तो मिळेना. तिथे ‘मताधिकारवंचित’ हा शब्द नेमका बसतो.

रामबाग: मग शब्दसूचीत तोतयेगिरी, दुबार नोंद, वगळणं, मतदानबंदी आणि मताधिकारवंचित अशा पाच वेगळ्या नोंदी घालते. प्रदत्त मताच्या नोंदीत ‘निविदत्त’ही लिहिते, म्हणजे इथल्या केंद्रावर मागताना अडायला नको.