बाटलीची किंमत नुसत्या द्राक्षांची नसते

महाग वाईन म्हणजे चांगली द्राक्षं आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे तुमचं गणित अर्धंच बरोबर आहे. मी काही वर्षं वाईनच्या विक्रीत होतो, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. ७५० मिलीच्या बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात, स्वस्त असो की महाग, पण ती कुठल्या वेलीची हा खरा प्रश्न. पिनो न्वार हे रेड वाईनचं द्राक्ष घ्या, साल पातळ, घड गच्च, जरा ओल राहिली की बुरशी आलीच, त्यात उत्तम माल हवा तर काही घड आधीच छाटून टाकायचे म्हणजे उरलेल्यात चव उतरते, आता एकरी माल कमी म्हटल्यावर भाव चढणारच ना. मग वाईन मुरवायला २२५ लिटरचं नवं ओकच्या लाकडाचं पिंप, त्यातून निघणार जेमतेम ३०० बाटल्या, मुरताना थोडी उडून जाते ती वेगळीच, शिवाय तेवढे महिने पैसा अडकलेला. रीसलिंग या व्हाइट वाईनच्या द्राक्षाला बहुतेक वेळा नवं ओक लागतच नाही, त्यामुळे तिथे कमी पैशात भारी माल मिळतो (हे गिऱ्हाइकाला सांगितलं की आमचे साहेब वैतागायचे!).

बाकी सगळा नावाचा खेळ. १९७६ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या वाईन पहिल्या ठरवल्या होत्या, रेड आणि व्हाइट दोन्हीत. तुम्हीही एकाच द्राक्षाच्या तीन वेगवेगळ्या किमतीच्या बाटल्या घ्या, झाकून चाखा, किंमत नंतर बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळ्यात स्वस्त बाटलीला सगळ्यात जास्त मार्क दिले होते.