मदत हवी आहे: जुन्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक – ड्रमच सुधारावा की डिस्क बसवावी?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे साठच्या दशकातली, साडेतीनशे सीसीची सिंगल सिलिंडर मोटरसायकल आहे. इंजिनाचं काम पूर्ण झालंय, गाडी छान चालते आणि ताशी ८० ला कुठलीही कुरकुर न करता धावते. अडचण थांबण्याची आहे. पुढे ७ इंची ड्रम (चाकाच्या मधला पोकळ गोल भाग, ज्याच्या आतल्या भिंतीवर ‘शू’ नावाचे दोन अर्धगोल तुकडे दाबले की गाडी थांबते), सिंगल लीडिंग शू (म्हणजे काय ते खाली येईलच), केबलवर चालणारा. मागेही ड्रमच, रॉडवर. ६० च्या वेगात पुढचा ब्रेक करकचून दाबला तरी चाक लॉक होणं लांबच राहिलं, शॉकअपसुद्धा धड खाली बसत नाहीत. मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी तर गाडीचं वजन थांबताना पुढे जातं आणि मागचं चाक लगेच घसरायला लागतं. शिवाय वेग ६० चा ८० झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटीवर जाते. आजच्या रहदारीत समोरची गाडी डिस्क आणि एबीएसवर थांबते, तिच्या मागे मी असा. म्हणून हा विषय मला आता टाळायचा नाही.

चाक उतरवून पाहिलं, ते सांगतो. लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, जाडी बरी आहे, तेल किंवा ग्रीस कुठेही लागलेलं नाही. पण दोन्ही शूंवर फक्त मधला पट्टा घासून चमकतोय. दोन्ही टोकांना लायनर अगदी कोरा आहे, त्यावरच्या बारीक रेघासुद्धा शाबूत आहेत. म्हणजे अर्धं लायनर नुसतं बसून आहे. मधला पट्टा बोटाला काचेसारखा गुळगुळीत लागतो. ड्रमला आत कडेपाशी नख अडकेल एवढी पायरी पडली आहे. हळू वेगात ब्रेक लावला की लिव्हर बोटांखाली एका लयीत मागेपुढे होतो. आणखी एक गोष्ट: लिव्हर पूर्ण दाबलेला असताना केबल आणि कॅमची (शूंना बाहेर ढकलणाऱ्या फिरत्या तुकड्याची) आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या बराच पुढे गेलेला दिसतो.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत.

आहे तोच ड्रम नीट करायचा: नवे लायनर, नवी केबल, जे काही लेथवर करावं लागेल ते. किंवा ट्विन लीडिंग शूची ब्रेक प्लेट (शू ज्यावर बसवलेले असतात ती तबकडी) बसवायची. सिंगल लीडिंगमध्ये ड्रमच्या फिरण्यानं एकच शू आत खेचला जाऊन आपोआप घट्ट बसतो आणि दुसऱ्याला ड्रम उलट ढकलत राहतो; ट्विनमध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम असल्यामुळे दोन्ही शू खेचले जातात. ट्रायम्फने आपल्या ६५० सीसीच्या गाड्यांना १९६८ साली हाच बदल केला होता, त्यामुळे काळाच्या दृष्टीनेही तो विजोड दिसणार नाही. तिसरी वाट म्हणजे पुढे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, डिस्क. होंडाने सीबी ७५० ला १९६९ मध्ये ती कारखान्यातूनच दिली आणि त्यानंतर मोठ्या गाड्यांमध्ये ड्रम मागे पडत गेला.

माझा कल ड्रम ठेवण्याकडे आहे. गाडीचं पुढचं चाक, तो रुंद हब (चाकाचा मधला भाग), मला फार प्रिय आहे, आणि जे काही करीन ते पुन्हा मूळ रूपात आणता यावं, कुठेही कापाकापी किंवा वेल्डिंग नको, असं वाटतं. पण ब्रेकच्या बाबतीत रूपाला पहिला मान द्यायला मी तयार नाही. ड्रमची कुवतच कमी असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी डिस्क बसवीन.

जाणकारांना विचारायचं ते असं: वर लिहिलेल्या खुणांवरून दोष नेमका कशात दिसतो? मूळ ड्रम पूर्ण तंदुरुस्त केला तर तो ६०-७० च्या वापराला भरवशाचा होतो का? आणि डिस्क घ्यायचीच झाली तर जुन्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) ती पेलते का?

---

प्रतिसाद:

खुणा इतक्या नीट टिपल्या आहेत की निदान सोपं झालं. लायनर फक्त मध्ये टेकतंय म्हणजे शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे. ड्रम झिजून मोठा झालाय. टोकं टेकत असती तर उलट प्रकार. लिव्हर लयीत ढकलला जातोय म्हणजे ड्रम गोल राहिलेला नाही. त्यामुळे याच शूवर दुसरं कुठलं लायनर चिकटवून आणलंत, तरी ते टेकणार मध्येच. डिस्कचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

काम करताना क्रम सांभाळा, बरेच जण तिथेच फसतात. आधी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून स्पोक पूर्ण ताणून घ्या आणि मगच ड्रम लेथवर लावा, तोही चाकासकट. स्पोकच्या ताणाने हब किंचित ओढला जातो. सुटा हब लेथवर गोल करून नंतर स्पोक भरले तर तो पुन्हा वाकडा होतो. अख्खं चाक घेणारं मोठं लेथ सगळ्यांकडे नसतं, पण शोधा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असेल, त्याच्या पुढे जाऊ नका.

ड्रम झाला की शूवर जरा जाड लायनर लावून घ्या आणि मग शू ब्रेक प्लेटवर बसवून ड्रमच्या नव्या मापाला लेथवर उतरवून घ्या. लायनर मऊ जातीचं मागा. जड गाड्यांसाठीचं कडक लायनर तापल्यावर चांगलं धरतं, पण तुमच्या ड्रममध्ये ते तेवढं तापणारच नाही. लीडिंग शूच्या पुढच्या टोकाला छोटा उतार द्या, नाहीतर ब्रेक एकदम पकडतो किंवा किंचाळतो. जुन्या लायनरची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आर्मच्या कोनाबद्दल: ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म काटकोनात हवेत, तेव्हाच हाताचा जोर पुरता पोचतो. शू नीट बसले की हा कोन बहुधा आपोआप जागेवर येईल. आर्म एक दाता मागे घेऊन कोन जुळवायचा मोह टाळा. झिजलेल्या लायनरवर तसं केलं की कॅम गरजेपेक्षा जास्त वळतो आणि एखाद्या दिवशी उलटून अडकतो.

शेवटी जोडताना एक्सलचा नट ढिला ठेवा, चाक फिरवून ब्रेक घट्ट दाबा आणि दाबलेला असतानाच नट आवळा. प्लेट ड्रमच्या मध्यावर येते. फुकटचं काम आहे, फरक बोटांना लगेच कळतो.

---

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत, पण डिस्कचा प्रश्न अर्धवट राहायला नको. त्या काळच्या बारीक फोर्कला कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग) धरायला जागाच नसते. क्लॅम्पने अडकवलेला किंवा वेल्ड केलेला ब्रॅकेट म्हणजे ब्रेकचा सगळा जोर एका घरगुती जोडावर. शिवाय एकाच बाजूला डिस्क असली की जोरात ब्रेक लावताना फोर्कला पीळ बसतो. डिस्क घ्यायची तर फोर्क, हब, कॅलिपर सगळं एकाच गाडीचं, एकत्र घ्यावं. तुमची कापाकापी नको ही अट त्यात बसते, पण गाडीचा पुढचा चेहरा मात्र जातो.

मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर तेलावर दाब देणारा) दिसायला भारी म्हणून मोठा घेऊ नका. तोच कॅलिपर, तोच लिव्हर, तेवढाच हाताचा जोर. तरी १६ मिमी ऐवजी १२.७ मिमी व्यासाचा सिलिंडर लावला तर दाब जवळजवळ ५९ टक्के जास्त मिळतो. बदल्यात लिव्हर जरा लांब चालतो. मोठ्या सिलिंडरवर लिव्हर दगडासारखा लागतो आणि गाडी थांबत नाही, मग लोक कॅलिपरला दोष देतात.

ट्विन लीडिंगचं एक ध्यानात ठेवा. दोन्ही कॅमना जोडणारा रॉड असा लावावा लागतो की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. नाहीतर एकटा शू राबतो. आणि चढावर गाडी मागे सरकत असेल तर दोन्ही शू उलटे पडतात आणि पकड फार कमी होते. चढावर थांबताना मागच्या ब्रेकवर पाय हवाच.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. ड्रमच आधी नीट करायचा हे पक्कं केलं. स्पोक, मग ड्रम, मग शू, याच क्रमाने. केबलही आतून नायलॉनचं अस्तर असलेली घेतोय. जुनीचं बाहेरचं वेटोळं लिव्हर दाबल्यावर आक्रसताना डोळ्यांना दिसतं, म्हणजे हाताचा जोर तिथेही वाया जातोय.

दोन शंका राहिल्यात. शू लेथवर घेताना ड्रमच्या बरोब्बर मापाला घ्यायचे, की किंचित लहान? आणि ड्रमची पायरी काढल्यावर तो कमाल व्यासाच्या अगदी जवळ येईल असं दिसतंय. अशा वेळी आत नवी लोखंडी रिंग बसवून घेतलेली कोणाची गाडी आहे का? ती रिंग तापल्यावर सैल होत नाही ना, हे मला ऐकीव नको, वापरलेल्या माणसाकडूनच ऐकायचं आहे.