फीड पंपाच्या मोटरला हात लावला की झिणझिण्या येतात, बॉयलरवाल्याने पॅनल उघडावं का?

रात्रपाळी_बॉयलर:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला बॉयलरवर हाय, सेकंड क्लास अटेंडंट, बहुतेक रात्रपाळीच असते. आमच्याकडं दोन फीड पंप (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे) हायत, दोन्हीला 5 एचपीच्या मोटरी, एकाच पॅनलवर. आठ दिवस झाले एक नंबरचा पंप चालू असताना मोटरला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात, मुंग्या आल्यासारखं, आणि गंमत म्हणजे शेजारची दोन नंबरची मोटर बंद असली तरी तिला पण तसंच होतंय. दोन नंबर चालू करून एक बंद केला की काहीच नाही. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, ओव्हरलोड (मोटरवर भार जास्त झाला की ती बंद करणारा रिले) ट्रिप नाही. वायरमन फक्त दिवसा असतो, मालकांना सांगितलं तर म्हणायलेत रबरी चप्पल घाल आणि हात लावू नको. पण पंपाच्या ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) पाणी गळतंय, खाली फरशी कायम ओली असते, हात लागतोच. मला टेस्टर लावता येतो एवढंच. रात्री मी स्वतः पॅनल उघडून बघावं का? आणि बॉयलरवाल्याला करंटचं नेमकं किती कळायला पाहिजे, कोणी नीट सांगेल का?

वायरमन_अण्णा:
भाऊ, पहिलं काम, एक नंबरचा पंप आत्ताच बंद कर, दोनवर घे, आणि एकच्या स्टार्टरवर पाटी लाव आणि त्याच्या एमसीसीबीला (मोठ्या स्विचला) कुलूप घाल, पुढच्या शिफ्टवाल्याने चुकून चालू करू नये म्हणून. पॅनल उघडू नकोस, ते काम लायसनवाल्याचं आहे आणि रात्री एकट्याने तर अजिबात नाही.

आता तू जे लिहिलंयस त्यातच निदान आहे. एक चालू असतानाच करंट लागतो म्हणजे गळती एक नंबरच्या मोटरमध्ये आहे, बहुतेक टर्मिनल बॉक्समध्ये ओल गेली असणार. पण बंद असलेल्या दोनच्या बॉडीवर पण करंट येतो म्हणजे दोघींची अर्थिंगची पट्टी एकच आहे आणि ती पुढं कुठेतरी तुटलीय, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे दोन दोष आहेत आणि दुसरा जास्त वाईट. पट्टी धड असती तर तो करंट मुकाट जमिनीत गेला असता, आणि वायर पूर्ण बॉडीला चिकटली असती तर मोठा करंट वाहून फ्यूज नाहीतर एमसीबी उडाली असती. आता काहीच उडत नाही कारण करंटला जायला वाट नाही, ती वाट तू हात लावल्यावर तयार होते.

एमसीबी पडत नाही म्हणून बिनधास्त राहू नको. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स धर 1000 ओहम, 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर झाले. साधारण 10 मिलिअँपिअरला हाताची पकड सुटेना होते, 30 च्या आसपास श्वासाला त्रास, आणि 50 ते 100 ला हृदयाचे ठोके बिघडतात. तुझी एमसीबी 16 अँपिअरची असेल, तिच्या दृष्टीने 230 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. ती वायर आणि मोटर वाचवायला बसवलीय, माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) लागते.

आणि एक, जागेवर बसवलेल्या मोटरला दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या पाहिजेत, नियमातच आहे तसं. मोटरच्या दोन्ही बाजूंना बघ, दोन पट्ट्या दिसतात का.

टेस्टर_खिशात:
टेस्टर लावून बघ की, बॉडीवर पेटला तर करंट हाय, नाही पेटला तर सेफ. आम्ही वीस वर्षं तेच करतोय.

वायरमन_अण्णा:
दादा, राग मानू नका, पण याच एका सवयीने माणसं गेलीत. टेस्टरचा निऑन तुमच्या अंगातून जमिनीकडं जाणाऱ्या बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर करंट असून मिणमिणतो, उन्हात दिसतच नाही, आणि खराब झालेला टेस्टर कधीच पेटत नाही. नाही पेटला म्हणजे करंट नाही असं धरायचं नाही. मल्टिमीटर घ्यायचा, आधी चालू पॉइंटवर लावून मीटर चालतोय याची खात्री, मग जिथं काम करायचंय तिथं तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज ते अर्थ, आणि परत चालू पॉइंटवर. चालू पॉइंटवर फेज टू फेज 415 च्या आसपास, फेज ते न्यूट्रल 240 च्या आसपास यायला पाहिजे, आणि काम करायच्या जागी सगळीकडं शून्य. पॅनलचा मेन पाडला तरी लेव्हल कंट्रोलरचा (पाण्याची लेव्हल बघून पंप चालू-बंद करणाऱ्याचा) फेज कधीकधी दुसऱ्या पॅनलमधून आलेला असतो, तो तसाच जिवंत राहतो, मी स्वतः एकदा तिथेच शॉक खाल्लाय.

साखर_बॉयलर_फर्स्टक्लास:
अण्णांनी विजेचं सांगितलं, मी बॉयलरच्या बाजूनं सांगतो कारण मला हीच भीती वाटते. रात्री फीड पंप बंद पडला की पोरं सगळी पॅनलजवळ धावतात आणि गेज ग्लासकडं (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडं) कोणी बघत नाही. क्रम उलटा पाहिजे. आधी पाण्याची लेव्हल, मग सरपण टाकणं बंद, एफडी फॅन (भट्टीत हवा मारणारा) बंद, स्टँडबाय पंप चालू, आणि पॅनल सगळ्यात शेवटी. लाकूड-बगॅसच्या बॉयलरला बटण दाबून आग विझत नाही, ग्रेटवरचा निखारा उष्णता देतच राहतो. आणि ग्लासमधलं पाणीच दिसेनासं झालं असेल तर पंप चालू करायचा नाही, तापलेल्या ट्यूबवर थंड पाणी घालायचं नाही, आग काढायची.

ओव्हरलोड ट्रिप झाला तर एकदा रिसेट ठीक, तेही पंप हाताने फिरतोय का, ग्लँड जाम नाही ना हे बघून. परत पडला तर थांबायचं. मोटर नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही, तर बहुतेक एक फेज गेलाय, लगेच बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळतं. आणि लो लेव्हलच्या इंटरलॉकला (पाणी कमी झालं की बॉयलर ट्रिप करणाऱ्या सेफ्टीला) वायरचा तुकडा लावून लूप मारलेला मी तीन ठिकाणी बघितलाय, ट्रिपचा त्रास होतो म्हणून. तुझ्याकडं असा लूप दिसला तर लॉगबुकात लिही, सही घे.

बॉयलरवाल्याला किती कळावं विचारलंस तर माझं उत्तर एवढंच, बंद कसं करायचं, कुलूप कसं घालायचं, बंद झालंय हे कसं तपासायचं आणि काय बिघडलंय ते वायरमनला नेमक्या शब्दांत कसं सांगायचं. स्क्रू खोलणं त्याचं काम.

रात्रपाळी_बॉयलर:
सगळ्यांचे आभार, खरंच. त्याच रात्री दोनवर घेतला, एकला कुलूप आणि पाटी. सकाळी वायरमनला अण्णांचं म्हणणं वाचून दाखवलं. एकच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी साचलेलं, केबल बॉक्समध्ये शिरते तिथला ग्लँड ढिला होता. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) 0.2 मेगओहम दाखवत होता, त्याने हिशेब करून सांगितलं की गळती एक मिलिअँपिअरच्या थोडं वर, म्हणून नुसत्या मुंग्या, ओल वाढत गेली असती तर मुंग्यांवर भागलं नसतं. आणि अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करायच्या) टाकीमागं फरशीत जाते तिथं गंजून पार तुटलेली! सॉफ्टनरला मीठ टाकून रिजनरेशन करतो ते खारं पाणी रोज त्याच कोपऱ्यातून वाहायचं, दोन वर्षं मीच ते पाणी सोडतोय, कधी डोक्यात आलं नाही. बोटाने दाबली तर पापुद्रे निघाले.

वायरमन_अण्णा:
शाब्बास. नवीन पट्टी त्या कोपऱ्यातून नेऊ नका, भिंतीवरून वर घ्या, आणि दुसरी वेगळ्या खड्ड्यात. आता एप्रिल आहे, आपल्याकडची काळी माती भेगाळलीय, खड्डा कोरडा पडला की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. खड्ड्यात पाणी घालत जा आणि अर्थ टेस्टर लावून रीडिंग घ्यायला सांग.

रात्रपाळी_बॉयलर:
पट्टी भिंतीवरूनच घेतली अण्णा. मोटर वाइंडरकडं वाळवून आली, मेगर आता 50 च्या वर दाखवतोय. मालक आरसीसीबीचं कोटेशन मागवायलेत. खड्ड्याला पाणी मी शिफ्ट सुरू होताना घालतो, लॉगबुकात त्याचा वेगळा रकाना केलाय.