वायपर आणि मधली रेषा
भाड्याची गाडी बुक केलीये, पण परदेशात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायच्या विचारानेच पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तेच झालं होतं. पहिल्याच वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू केले, तेही कडक उन्हात! बायको अजून हसते.

गर्दीत फारसं चुकत नाही, पुढच्या गाडीमागे जायचं. घोळ होतो रिकाम्या रस्त्यावर, विशेषतः पेट्रोल भरून बाहेर पडताना. मी तेव्हा मोठ्याने घोकायचो, "मी मधल्या रेषेकडे, शेजारचा कडेकडे." स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, त्या त्या देशाची गाडी असेल तर हे लागू पडतं. राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, तिथे वाहतूक घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून आधी डावीकडे बघा. बाहेर पडायचा रस्ता हुकला तर खुशाल अजून एक फेरी मारा, कोणी काही म्हणत नाही.

ऑटोमॅटिकच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि लांबच्या प्रवासानंतर उतरल्या उतरल्या चावी घेऊ नका, झोप काढून दुसऱ्या दिवशी घ्या.

बाकी, ३ सप्टेंबर १९६७ला पहाटे अख्ख्या स्वीडनने डावी बाजू सोडून उजवी धरली होती. तुम्हाला तर एकट्यालाच बदलायचंय!