कधीही न भेटलेल्या माणसांचा शोक : आपले अनुभव लिहा

धागाकर्ती :
६ फेब्रुवारी २०२२ या रविवारी सकाळी लता मंगेशकर यांच्या निधनाची बातमी आली आणि दुपारपर्यंत माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांच्याविषयी काही ना काही लिहिले होते. त्यांचे वय ९२ होते आणि जानेवारीपासून त्या ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या, त्यामुळे बातमी अगदी अनपेक्षित म्हणता येणार नाही. तरीही एरवी समाजमाध्यमांवर एक शब्द न लिहिणाऱ्या माझ्या मावशीने त्या दिवशी पानभर लिहिले आणि लिहिताना ती रडत होती. संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यदर्शनाच्या वेळी शाहरुख खान यांनी दुवा मागून फुंकर घातली. ती फुंकर नसून थुंकणे होते, असा आरोप काहींनी केला आणि सकाळी ज्या पानांवर शोक चालला होता, त्याच पानांवर रात्री भांडण जुंपले.

मला उत्सुकता आहे ती सकाळची. ज्या माणसाशी आपण कधी बोललो नाही आणि ज्याच्या घरी समाचाराला जाण्याचा आपल्याला हक्क नाही, त्याच्या जाण्याचे दुःख आपण चारचौघांत का मांडतो? कृपया सर्वसाधारण मतांऐवजी अनुभव लिहावेत : कोणासाठी लिहिले, लिहिल्यावर काय झाले आणि लिहिले नसेल तर का नाही.

डोंबिवलीकर :
१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा मी दहावीत होतो. त्यांचे वय अवघे ५० होते. टीव्हीवर बातमी लागली, आई हळहळली आणि बाबांनी मला अभ्यासाला पिटाळले. आमच्या वर्गात त्यांची नक्कल करणारी निदान पाच-सहा मुले होती, पण दुसऱ्या दिवशी शाळेत कोणीही विषय काढला नाही. मीही काढला नाही, कारण विनोदी नटासाठी डोळ्यांत पाणी आले असे सांगितले तर आपलीच टर उडेल, अशी भीती वाटत होती. पुढे बऱ्याच वर्षांनी एका १६ डिसेंबरला कोणीतरी त्यांचे छायाचित्र टाकलेले दिसले आणि त्याखाली लोक अशा तपशिलाने लिहीत होते, की जणू कालच गेले. मीही चार ओळी लिहिल्या. त्यांखाली आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिले, ‘त्या दिवशी मीपण गप्प होतो रे.’ शाळेनंतर आमचा संपर्क तुटला होता. आता अधूनमधून भेटणे होते आणि बोलताना बेर्ड्यांचा विषय क्वचितच निघतो.

फ्लेक्सवाला :
माझा तालुक्याच्या गावी डिझाइनचा व्यवसाय आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुण्यतिथी आणि निधन हीच आमची पिके. पूर्वी कोणी मोठा माणूस गेला की चौकात लावायच्या फ्लेक्सची मागणी येत असे. आता छपाई कमी झाली असून मोबाइलवर टाकायची पोस्ट करून द्यावी लागते आणि तीही बातमी आल्यापासून अर्ध्या तासात. उशीर झाला तर गिऱ्हाईक रागावते, कारण विरोधी गटाची पोस्ट आधी पडलेली असते.

लताबाईंच्या वेळी फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. साचा ठरलेला आहे : काळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये दिवंगतांचे छायाचित्र आणि खाली ‘शोकाकुल’ असे लिहून शोक करणाऱ्याचे. मतभेद होतात ते या दोन छायाचित्रांच्या आकारावरून. एका इच्छुक उमेदवाराने मला लताबाई थोड्या लहान करायला सांगितल्या होत्या, कारण त्यांचे हात जोडलेले छायाचित्र नीट बसत नव्हते. मी लहान केल्या. पैसे त्यांचे होते.

एवढे वाचून आपण म्हणाल की सारा दिखावा आहे. मला तसे सरसकट म्हणता येत नाही. हेच गृहस्थ पोस्ट घ्यायला दुकानात आले तेव्हा त्यांच्या गाडीत लताबाईंची भावगीते लागलेली होती आणि एक गाणे पूर्ण होईपर्यंत ते गाडीतून उतरले नाहीत. माणसाला खरोखर वाईट वाटत असते आणि त्याच वेळी त्याला निवडणूकही लढवायची असते. माझ्या दुकानात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबरोबर येतात.

अलिप्त :
मी आजवर एकाही प्रसिद्ध व्यक्तीसाठी काही लिहिलेले नाही. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्यात कार्यक्रम संपल्यानंतर गायक केके यांचे निधन झाले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गटावर दिवसभर त्यांची गाणी आणि आठवणी चालल्या होत्या. त्याच्या थोडेच दिवस आधी माझे वडील गेले होते आणि याच गटावर हात जोडल्याच्या चिन्हांपलीकडे फारसे काही आले नव्हते. मला ते लागले आणि मी काही दिवस गट सोडला.

नंतर पत्नीने एक गोष्ट लक्षात आणून दिली. वडील गेले त्या दिवशी समोरच्यांनी न सांगता पिठलं-भात आणून ठेवला होता, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते आणि दहाव्यापर्यंत कोणी ना कोणी येऊन नुसते बसून जात होते. आमच्यासाठी त्यांना करण्यासारखे बरेच काही होते, म्हणून त्यांनी लिहिले नाही. केके यांच्या घरी पिठलं-भात नेणे त्यांच्यापैकी कोणालाच शक्य नव्हते. हे पटले, तरी वडिलांविषयी कोणी दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरे वाटले असते, हे मी नाकारत नाही.

धागाकर्ती :
‘अलिप्त’ यांच्या अनुभवाला जोडून थोडेसे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ व टीव्हीवरचा निवेदक आणि त्याचा प्रेक्षक यांच्यातल्या एकतर्फी जवळिकीविषयी लिहिले होते : निवेदक थेट आपल्याशीच बोलत असल्यासारखा वागतो, नियमाने घरात येतो आणि हळूहळू प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटू लागतो. पुढे १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखाची मांडणी केली. त्या दुःखासाठी रजा मिळत नाही, विधी नसतो आणि कोणी भेटायलाही येत नाही. चाहत्याच्या दुःखाला ही दोन्ही वर्णने लागू पडतात असे मला वाटते.

सिअ‍ॅटलकर :
२९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान गेले आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी कपूर. टाळेबंदीचा काळ होता. इरफान यांच्या आईचे चारच दिवस आधी जयपूरला निधन झाले होते आणि त्यांना तेथे जाता आले नव्हते, हे वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले. माझी आई पुण्यात एकटी होती आणि विमाने बंद होती. त्या रात्री मी इरफान यांच्यावर लांबलचक लिहिले. त्यांच्या डोळ्यांविषयी, थांबून थांबून बोलण्याविषयी, पडद्यावर काहीही न करता उभे राहण्याच्या त्यांच्या ताकदीविषयी. आईचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. तरी वाचून पुण्यातल्या चुलतभावाचा फोन आला आणि त्याने पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : ‘काकूकडे मी रोज डोकावतो, काळजी करू नकोस.’ म्हणजे मी कशाविषयी लिहिले होते हे त्याला माझ्याआधी कळले होते. मात्र यावरून इरफान हे केवळ निमित्त होते असा अर्थ काढू नये. त्यांचा मृत्यूही मला स्वतंत्रपणे लागला होता.

हेल्पलाइनवरची :
मी त्या काळात एका हेल्पलाइनवर स्वयंसेविका होते. १४ जून २०२० रोजी सुशांत सिंह राजपूत यांचे निधन झाले. त्यांचे वय ३४ होते. पुढचे काही दिवस फोनवर येणारी तरुण मुले बोलणे त्यांच्यापासून सुरू करत. ‘त्याच्याकडे सगळे होते तरी असे झाले’ या वाक्यानंतर थोडा वेळ थांबून ती स्वतःविषयी बोलू लागत. जी गोष्ट घरी सांगणे अशक्य होते, ती सांगण्यासाठी त्यांना एक सर्वमान्य सुरुवात सापडली होती. त्या पंधरवड्यात लोकांनी आपल्या निराशेविषयी उघडपणे लिहिले, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

परंतु काही आठवड्यांतच या शोकाला आरोपी हवा झाला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला, सप्टेंबरमध्ये रिया चक्रवर्ती यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि त्या साधारण महिनाभर कोठडीत राहिल्या. त्यांच्याविषयी त्या वेळी जे लिहिले जात होते ते लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या प्रोफाइलवर सुशांत यांचे छायाचित्र होते. सीबीआयने घातपाताचा पुरावा न मिळाल्याने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५ मध्ये. तोपर्यंत ती छायाचित्रे बदललेली होती. फोनवर बोलणाऱ्या मुलांचे बोलणेही जुलैपासून बदलले. ती आता स्वतःविषयी कमी आणि कटाविषयी अधिक बोलत. माझ्या दृष्टीने खरे नुकसान ते होते. ज्यांना आजही कोणाशी बोलण्याची गरज वाटते, त्यांच्यासाठी शासनाचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

बंगळूरवासी :
मी मूळचा बेळगावचा, नोकरीनिमित्त बंगळूरला आहे. १२ एप्रिल २००६ रोजी कन्नड चित्रपटांतले लोकप्रिय नट डॉ. राजकुमार गेले तेव्हा शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, काही माणसे मरण पावली आणि आम्ही कार्यालयाची दारे आतून लावून बसलो. शोकाची ती जात मला आजही समजत नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे धाकटे पुत्र पुनीत राजकुमार वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा मी तशाच तयारीने लवकर घरी परतलो. कडेकोट बंदोबस्त होता, कंठीरव स्टेडियमवर अंत्यदर्शनासाठी प्रचंड रांगा लागल्या होत्या, पण २००६ची पुनरावृत्ती झाली नाही.

वडिलांप्रमाणेच पुनीत यांचेही नेत्रदान झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांमुळे चार जणांना दृष्टी मिळाली, ही बातमी लोकांनी अक्षरशः उचलून धरली. नेत्रदानाचे अर्ज भरून त्यांची छायाचित्रे टाकण्याची लाट आली. त्यातही दिखावा होताच. अर्जासह हसरा सेल्फी काढणारे आमच्याच कार्यालयात होते. मी कन्नड चित्रपट फारसे पाहत नाही, तरी त्या आठवड्यात मीही अर्ज भरला. शोक कशात ओतायचा हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते, असे मला तेव्हा वाटले.

रात्रपाळीचा उपसंपादक :
थोडक्यात लिहितो. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात अत्यवस्थ असताना ते गेल्याची बातमी पसरली, मोठमोठ्या कलावंतांनी श्रद्धांजली वाहिली आणि मग कुटुंबीयांना ते हयात असल्याचे सांगावे लागले. ते प्रत्यक्षात गेले २६ नोव्हेंबरला. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन यांच्याबाबतीतही कुटुंबाने दुजोरा देण्याआधीच श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. अशा रात्री आमच्याकडे मृत्युलेख तयार असतो, पान मोकळे ठेवलेले असते आणि तरी आम्ही थांबतो, तेव्हा वाचकच फोन करून विचारतात की तुम्हाला अजून कळले नाही का. दुःखाची एवढी घाई कशासाठी, याचे उत्तर या धाग्यावर कोणी दिले तर मला हवे आहे.

नटाची मुलगी :
माझे वडील रंगभूमीवर आणि मालिकांत दुय्यम भूमिका करत. फार मोठे नाव नव्हते, पण चेहरा लोकांना ठाऊक होता. ते गेले तेव्हा आम्ही रुग्णालयातून गावी आत्याला कळवण्याआधी आत्याचाच फोन आला; तिने मोबाइलवर वाचले होते. त्या घाईवर माझा राग आहे आणि तो राहील.

पुढचे काही दिवस मी त्या पोस्ट वाचू शकले नाही. दोन-तीन महिन्यांनी एका रात्री वाचायला बसले. ‘मराठी रंगभूमीची अपरिमित हानी’ अशी वाक्ये डोळ्यांखालून नुसती गेली. काही जणांनी बाबांशी आपली घनिष्ठ मैत्री असल्याचे लिहिले होते, त्यांना आम्ही ओळखत नव्हतो. पण सांगलीच्या एका प्रेक्षकाने लिहिले होते, की दौऱ्यावरच्या एका प्रयोगात वीज गेली असता बाबांनी अंधारातच संवाद पुढे चालू ठेवला आणि प्रेक्षकांनी जागेवरून टॉर्च लावून तो प्रवेश पुरा करवला. ही गोष्ट बाबांनी घरी कधी सांगितली नव्हती. मी त्या प्रेक्षकाला निरोप पाठवून आणखी विचारले. त्याने नाटकाचे नाव, नाट्यगृह आणि सोबतचे नट असे सर्व लिहून पाठवले. अनोळखी माणसांच्या शोकाविषयी मला कोणी विचारले, तर त्या शेकडो पोस्टांपैकी ही एकच मी दाखवीन.

अलिप्त :
‘नटाची मुलगी’ यांचे आभार. ‘फ्लेक्सवाला’ यांना एक प्रश्न आहे : इतक्या जणांचा शोक तुम्ही करून दिलात, स्वतःसाठी कधी केलात का?

फ्लेक्सवाला :
एकदा केला. ९ ऑगस्ट २०२२ रोजी प्रदीप पटवर्धन गेले. त्यांचे नाटक आमच्या गावात लागले होते, तेव्हा मी पडदा ओढणाऱ्या पोराजवळ उभा राहून ते पाहिले होते. दुकान बंद केल्यावर बसून पोस्ट केली : समई नाही, काळी पार्श्वभूमी नाही, फक्त त्यांचा हसरा चेहरा, नाव आणि तारीख. सकाळपर्यंत चार गिऱ्हाइकांचे फोन आले, की काम अर्धवट सुटले आहे, खाली कोणाचा फोटो टाकायचा राहिला का.