‘तौलासेआ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (पुण्याहून)

पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपदेशाच्या सार्वजनिक आरोग्यावरील एका लेखाचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. झाडपाल्याने आणि मालिशने आजार बरे करणाऱ्या गावातील जाणकार व्यक्तीला सामोअन भाषेत ‘तौलासेआ’ म्हणतात. मी प्रथम ‘वैद्य’ लिहिले, पण तो शब्द वाचताच ग्रंथ, नाडीपरीक्षा आणि आयुर्वेदाची पदवी डोळ्यांसमोर येते. ‘वैदू’ म्हणावे, तर ते आपल्याकडील एका भटक्या जमातीचे नाव आहे. ‘मांत्रिक’ हा शब्द तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर जवळजवळ आरोपपत्रातलाच झाला आहे. जाणकारांनी कृपया योग्य शब्द सुचवावा. लेखात ‘माइ सामोआ’ असाही एक शब्दप्रयोग असून त्याचे भाषांतर मी ‘सामोआतील आजार’ असे केले आहे. ते बरोबर आहे का, हेही सांगावे.

प्रतिसाद (ऑकलंडहून)

ऑकलंडमध्ये सामोअन वस्ती मोठी असल्याने हे शब्द माझ्या कानावरून नेहमी जातात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. ‘माइ’ म्हणजे आजार. (उच्चार मा आणि इ तोडून करावा, ‘माई’ लिहिलेत, तर मराठी वाचकाला आईच आठवेल.) ‘माइ सामोआ’ म्हणजे सामोआत आढळणारा आजार नव्हे, तर ज्याचे कारण आणि उपाय दोन्ही सामोअन माणसालाच कळतात असे मानले जाते, तो आजार. त्याच्या समोर ‘माइ पालाङी’, म्हणजे गोऱ्यांबरोबर आलेला आणि म्हणून त्यांच्याच औषधाने बरा होणारा आजार. घरातले माणूस आजारी पडले की तो यांपैकी कोणता, हे घरची मंडळी आधी ठरवतात आणि त्यावरून तौलासेआकडे जायचे की फोमाइकडे, म्हणजे डॉक्टरकडे, हे ठरते. निदान असे दारातच सुरू होत असल्यामुळे या जोडीचे भाषांतर ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ असे केल्यास सगळा अर्थ निसटेल. ‘आपल्यातला आजार’ आणि ‘बाहेरून आलेला आजार’ हे मला अधिक जवळचे वाटते.

‘पालाङी’मधील ङ चुकून पडलेला नाही. सामोअन लिपीतील जी या अक्षराचा उच्चार नेहमी ङ असाच होतो. वाङ्मयाखेरीज कुठेही न भेटणाऱ्या आपल्या या बिचाऱ्या अक्षराला निदान भाषांतरात तरी काम मिळू द्यावे.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

‘बाहेरून आलेला’ या शब्दांना माझी हरकत आहे. कोकणात ‘बाहेरचे आहे’ म्हटले की भूतबाधा समजतात, आणि तुमच्या वाटणीत तर तो आजार नेमका उलट्या बाजूला पडतो.

प्रतिसाद (ऑकलंडहून)

हरकत अगदी मान्य आहे. भूतबाधेला तिकडे ‘माइ आइतू’ म्हणतात आणि ती माइ सामोआचाच एक प्रकार आहे. तेव्हा पालाङी हा शब्द मुळातलाच ठेवावा, हे उत्तम.

प्रतिसाद (नागपूरहून)

व्यक्तिवाचक शब्दाविषयी माझे मत असे, की सामोअन भाषेत मुळात एकच शब्द नाही. मालिश करणारा तो फोफो. हाच शब्द चोळण्याच्या क्रियेलाही वापरतात. बाळंतपण करणारी फाअतोसाङा, म्हणजे आपली सुईण. तिकडच्या आरोग्ययंत्रणेने या सुइणींना प्रशिक्षण देऊन आपल्या कामात सामावून घेतले आहे. मोडलेले हाड बसवणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘हाडवैद्य’ हा चोख शब्द तयारच आहे. या सर्वांना एका ‘वैदू’त कोंबणे योग्य नाही.

औषधाला ते ‘वाइ’ म्हणतात, आणि वाइ म्हणजे पाणीसुद्धा. ‘वाइ लाआउ’ म्हणजे झाडपाल्याचे औषध, शब्दशः झाडाचे पाणी. यासाठी आपला ‘औषधपाणी’ हा जोडशब्द किती चपखल आहे, ते पाहावे. त्याचप्रमाणे रुग्णालयाला ते ‘फालेमाइ’ म्हणतात, म्हणजे घर आणि आजार. आपल्या ‘रुग्ण’ आणि ‘आलय’ यांची घडण वेगळी नाही. ‘तोआला’ या शब्दापाशी मात्र तुम्ही अडाल. तो बेंबीखाली राहतो, जागचा हलला की भूक जाते, पोट दुखते, आणि फोफो त्याला दाबून-चोळून जागेवर आणतो, अशी समजूत आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात असा अवयव सापडणार नाही. परंतु ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेतलेल्या मराठी माणसाला त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

या जाणकारांमध्ये स्त्रिया पुष्कळ आहेत आणि विद्या बहुधा आईकडून मुलीकडे किंवा घरातल्याच कोणाकडे जाते, हे ध्यानात घेऊन मी ‘वैदीण’ सुचवते. तौलासेआ ठरावीक शुल्क मागत नाही, कारण ही विद्या देवाची देणगी मानली जाते. लोक आपण होऊन जे देतील, ते ती घेते. आमच्याकडेही काविळीचे औषध देणारे ‘पैसे घेतले तर गुण जाईल’ असे सांगत. ‘हाताला गुण असणे’ हा वाक्प्रचार लेखात कुठे तरी अवश्य यावा.

काविळीवरून ‘मामाला’ नावाच्या झाडाची गोष्ट आठवली. सवाई बेटावरील फालेआलूपो गावच्या जाणकार स्त्रिया त्याच्या सालीचा काढा काविळीवर देत. वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल कॉक्स यांनी १९८० च्या दशकात ही माहिती त्यांच्याकडून मिळवली, आणि अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेत त्या झाडातून प्रोस्ट्राटिन हे द्रव्य वेगळे झाले, जे शरीरात दडून बसलेल्या एचआयव्हीला बाहेर काढू शकते. त्यापासून पुढे औषध झाले, तर नफ्याचा वाटा सामोआला आणि त्या गावाला मिळावा, असे करारही झाले. अशा ज्ञानाला ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून मोकळे होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

प्रतिसाद (नागपूरहून)

त्यात ‘मातालाफी’ या वनस्पतीचीही भर घालावी. तिचा पाला ताप, सूज आणि माइ आइतू या तिन्हींसाठी वापरतात. सामोआच्याच वैज्ञानिक संशोधन संस्थेतील सेसेई मोलिमाऊ-सामासोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिचा दाहशामक गुण आयबुप्रोफेनच्या तोडीचा दिसला. अर्थात हे प्रयोग पेशींवरचे होते. त्यावरून रुग्णांना सल्ला देऊ नये.

प्रतिसाद (ऑकलंडहून)

कौतुकाच्या भरात २०१९ साल विसरता येणार नाही. आदल्या वर्षी लशीची पूड पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेल्याने दोन बाळे दगावली, लसीकरण काही महिने थांबले, लोकांचा विश्वास उडाला. आणि मग गोवराच्या साथीत दोन लाख वस्तीच्या देशात ८३ माणसे गेली, त्यांत बहुतेक लहान मुले होती. काही घरांनी आधी देशी उपचार केले आणि रुग्णालय गाठायला उशीर झाला. गोवराला तिकडे ‘मिसेला’ म्हणतात, म्हणजे शब्दही पालाङींचाच. माइ पालाङी ओळखण्याची घरगुती पद्धत इतकी पक्की असूनही असे घडले, याचे कारण मला तौलासेआपेक्षा त्या उडालेल्या विश्वासात अधिक दिसते. म्हणूनच ‘भोंदू’च्या छटेचा कोणताही शब्द वापरू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. पहिल्या उल्लेखात ‘तौलासेआ, म्हणजे झाडपाल्याची जाणकार’ असे लिहून पुढे मूळ शब्दच ठेवते; फाअतोसाङासाठी ‘सुईण’ आणि वाइसाठी ‘औषधपाणी’ घेते. ‘वैदीण’ मनापासून आवडला, पण जमातीच्या नावाची अडचण त्यालाही आहेच. आता एकच शब्द उरला. १९२० च्या दशकापासून गावोगावी घरांची पाहणी करणाऱ्या आणि बाळांच्या वजनासाठी आयांना एकत्र आणणाऱ्या बायकांच्या ‘कोमिती तूमामा’ला ‘स्वच्छता समिती’ म्हणावे, की ‘महिला मंडळ’?

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

शब्दशः पहिले बरोबर आहे. पण आपल्याकडील समित्यांच्या बायका अशा घरात शिरून मोरी पाहत नाहीत, त्यामुळे मी ‘आरोग्य महिला मंडळ’ लिहीन.